फोनच्या काचेपासून पीएच.डी.पर्यंत : सरफेस सायन्समध्ये संशोधन करायचंय?

नवीन फोन हातात आला की स्क्रीनवरून बोट कसं अलगद घसरतं. ठसे उमटले तरी टी-शर्टच्या टोकाने एकदा पुसलं की गायब. वर्षभराने त्याच स्क्रीनवर ठसे चिकटून बसतात आणि पुसले की आणखी पसरतात. काच तीच आहे, मग बदललं काय? कारखान्यात त्या काचेवर तेलाला दूर ठेवणारा एक थर दिलेला असतो, त्याला ओलिओफोबिक कोटिंग म्हणतात. तो वापराने झिजतो. हा थर असतो जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा. आपला एक केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा.

इतका पातळ थर कसा बसवायचा, तो काचेला का धरून राहतो, कशाने सुटतो, सुटू नये म्हणून काय करता येईल, असे प्रश्न ज्या शास्त्रात येतात त्याला सरफेस सायन्स म्हणजे पृष्ठभाग विज्ञान म्हणतात. या विषयात एम.एस्सी., एम.टेक. किंवा पीएच.डी. करता येते, त्यासाठी दरमहा स्टायपेंड मिळतो आणि त्यातली काही चांगली कामं आपल्या महाराष्ट्रातच चालतात. पण कॉलेजमध्ये प्लेसमेंटच्या गडबडीत याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. म्हणून आज हा विषय सविस्तर बघूया. विषय काय आहे, कुठल्या शाखेच्या मुलांना कुठून शिरता येतं, पैसे किती मिळतात आणि पाच वर्षं द्यायच्या आधी काय तपासायचं, असं सगळं.

पृष्ठभाग वेगळा का वागतो?

आपल्याकडे क्षणात निसटून जाणाऱ्या गोष्टीला ‘अळवावरचं पाणी’ म्हणतात. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल राहतो आणि पान जरा हललं की घरंगळून जातो. पानावर अगदी बारीक उंचवटे असतात आणि त्यावर मेणासारखा पदार्थ असतो. त्यामुळे थेंबाला पानाशी फार कमी जागी स्पर्श करता येतो. पान आतून कसं आहे याच्याशी त्या थेंबाला काहीच देणंघेणं नाही. त्याच्यासाठी वरचा थर म्हणजेच पान.

अणूंच्या पातळीवरही असंच असतं. धातूच्या तुकड्याच्या आतल्या अणूला चारी बाजूंनी, वर आणि खाली शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या अणूला वरच्या बाजूला शेजारीच नसतो. त्याची बंध जोडायची क्षमता थोडी शिल्लक राहते, त्यामुळे तो हवेतला ऑक्सिजन, पाण्याची वाफ, तेल, जे जवळ येईल त्याच्याशी जोडला जाऊ शकतो. गंज पृष्ठभागापासून सुरू होतो तो याच कारणाने.

आता जरा हिशोब करू. एक सेंटिमीटर बाजूचा धातूचा ठोकळा घ्या. दोन अणूंमधलं अंतर साधारण पाव नॅनोमीटर धरलं, तर पृष्ठभागावर बसलेला अणू सुमारे ६६ लाखांत एक एवढाच निघतो. हाच पदार्थ दोन नॅनोमीटरच्या कणाएवढा लहान केला, की एका बाजूला आठ अणू बसतात. एकूण अणू ५१२, त्यातले आतले २१६ आणि पृष्ठभागावरचे २९६. म्हणजे निम्म्याहून जास्त अणू पृष्ठभागावर! वस्तू जितकी लहान, तितकी पृष्ठभागाची सत्ता मोठी. चिपमधल्या ट्रान्झिस्टरचे काही थर आता याच मापात आलेत, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनाही या विषयाकडे पाठ फिरवता येत नाही.

तुमच्या फोनमध्येच अशा किती जागा आहेत बघा. काच कडक व्हावी म्हणून ती वितळलेल्या पोटॅशियमच्या मिठात बुडवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे आयन बाहेर येतात, त्यांच्या जागी आकाराने मोठे पोटॅशियमचे आयन दाटीवाटीने बसतात आणि पृष्ठभाग दाबाखाली राहतो, म्हणून तडा सहज जात नाही. टचस्क्रीनमध्ये वीज वाहणारा पण पारदर्शक असा इंडियम टिन ऑक्साइडचा पातळ थर असतो. लिथियम बॅटरीच्या ग्राफाइटवर पहिल्या काही चार्जिंगमध्ये एक नाजूक थर तयार होतो. तो नसेल तर बॅटरी टिकत नाही, आणि तो वाढत गेला की लिथियम खातो व बॅटरी उतरायला लागते. दोन वर्षांनी फोन दिवसभर पुरत नाही, त्यात या थराचा मोठा वाटा असतो.

हे शास्त्र उभं कसं राहिलं?

याचा एक धागा चक्क स्वयंपाकघरात सापडतो. जर्मनीच्या ब्राउनश्वाइग शहरात राहणाऱ्या अॅग्नेस पॉकेल्स यांना स्त्री असल्यामुळे त्या काळात विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही. घरकाम करता करता त्यांनी पाण्यावर साबण आणि तेल पडल्यावर पृष्ठभाग कसा बदलतो हे मोजायला सुरुवात केली. त्यासाठी पत्र्याचं एक साधं उपकरण बनवलं. लॉर्ड रॅली या इंग्लंडच्या शास्त्रज्ञाला त्यांनी पत्र लिहून निष्कर्ष कळवले आणि रॅली यांच्या शिफारशीने ते १८९१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आले.

त्याच पद्धतीचं उपकरण पुढे सुधारून अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत आयर्विंग लँगम्युअर यांनी काम केलं. त्यांना १९३२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या सहकारी कॅथरिन ब्लॉजेट यांनी १९३८ मध्ये काचेवर एकावर एक रेणूंचे थर चढवून चमक न मारणारी काच बनवली. आज तुमच्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर जो अँटी-रिफ्लेक्शन थर असतो, त्यामागचं तत्त्व तेच आहे.

१९८१ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिक रोरर यांनी स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप, म्हणजे एसटीएम बनवला. त्याने पृष्ठभागावरचे अणू एकेक करून ‘दिसायला’ लागले. १९८६ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता. २००७ मध्ये बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर इन्स्टिट्यूटचे गेरहार्ड एर्टल यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. खतासाठी लागणारा अमोनिया लोखंडाच्या पृष्ठभागावर कोणकोणत्या पायऱ्यांनी तयार होतो, हे त्यांनी उलगडून दाखवलं होतं.

या नावांकडे एकत्र बघितलं तर एक गोष्ट लक्षात येते. यातली काही माणसं भौतिकशास्त्राची, काही रसायनशास्त्राची, काही कंपनीत काम करणारी. सरफेस सायन्स कुठल्याच एका विभागाच्या मालकीचं नाही. तुमच्या दृष्टीने हीच यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे, कारण इथे यायला दारं अनेक आहेत.

लॅबमध्ये दिवसभर करतात काय?

पृष्ठभागाचा अभ्यास करायचा तर आधी तो स्वच्छ हवा, आणि अडचण इथूनच सुरू होते. हवेचा दाब कमी करत करत एक अब्जांशावर आणला, तरीही उरलेल्या वायूचे रेणू स्वच्छ पृष्ठभागावर आदळून साधारण सेकंदाभरात त्यावर एक अख्खा थर बसवू शकतात. प्रयोगाला निदान दोन-तीन तास हवे असतील तर दाब त्याच्याही दहा हजार पटींनी खाली न्यावा लागतो. याला अल्ट्रा हाय व्हॅक्यूम म्हणतात. त्यासाठी स्टीलचे चेंबर, एकामागोमाग एक जोडलेले पंप आणि तांब्याचे गॅस्केट लागतात. चेंबर एकदा उघडला की भिंतींना चिकटलेलं पाणी काढायला तो एक-दोन दिवस शंभर अंशांच्या वर तापवत ठेवावा लागतो. कुठे बारीकशी गळती राहिली की ती शोधण्यात आठवडा जातो.

मापनाची काही यंत्रं तुम्हाला सतत ऐकू येतील. एक्सपीएसमध्ये नमुन्यावर क्ष-किरण टाकतात, बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजतात आणि वरच्या साधारण दहा नॅनोमीटरमध्ये कुठली मूलद्रव्यं कुठल्या अवस्थेत आहेत ते ओळखतात. एएफएम ही एसटीएमची धाकटी बहीण, ती अतिसूक्ष्म टोकाने पृष्ठभाग चाचपडून त्याचा नकाशा काढते आणि काच किंवा प्लास्टिकवरही चालते. थेंबाचा कोन मोजणारं उपकरण सगळ्यात साधं. पातळ थर बसवण्यासाठी स्पटरिंग, अॅटॉमिक लेयर डिपॉझिशन अशा पद्धती असतात.

सगळेच काही कोट्यवधींच्या यंत्रांवर काम करत नाहीत. काचपात्रात द्रावण घेऊन, त्यात काचपट्टी बुडवून रासायनिक पद्धतीने थर चढवणं हेही गंभीर संशोधन आहे. सोलर सेल, सुपरकपॅसिटर, वायू ओळखणारे सेन्सर यासाठी असे थर लागतात.

माझा इंजिनिअरिंगचा एक मित्र धातुशास्त्रातून पीएच.डी.ला गेला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे कामाचा अर्धा वेळ यंत्र चालू ठेवण्यात जातो, पाव वेळ यंत्राचा नंबर लागायची वाट बघण्यात आणि उरलेल्या पावात विज्ञान होतं. थोडी अतिशयोक्ती असेल, पण हा स्वभाव आधीच माहीत असलेला बरा. हाताने काम करायला, पाना फिरवायला आवडत असेल तर तुम्ही इथे रमाल.

तुमची शाखा, तुमचं दार

भौतिकशास्त्र: व्हॅक्यूम, एसटीएम, इलेक्ट्रॉनची रचना, चुंबकीय थर.

रसायनशास्त्र: उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिस्ट. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर कशी घडते, बॅटरीतले थर, गंजरोधक लेप.

केमिकल, मेटलर्जी, मटेरियल्स: कोटिंग, झीज आणि घर्षण, गंज, रंग, पडदे म्हणजे मेम्ब्रेन.

इलेक्ट्रॉनिक्स: चिपमधले थर, सेन्सर, धातू आणि सेमीकंडक्टरचा जोड.

कॉम्प्युटर आणि आयटी: हो, तुम्हीसुद्धा. एखादा रेणू पृष्ठभागावर कुठे आणि किती घट्ट बसेल, हे डेन्सिटी फंक्शनल थिअरी वापरून कॉम्प्युटरवर काढतात. या सिद्धांतासाठी वॉल्टर कोन यांना १९९८ चं नोबेल मिळालं. क्वांटम एस्प्रेसो हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट आणि ओपन सोर्स आहे. एकेका गणिताला तासन्‌तास लागतात, म्हणून आता मशीन लर्निंग वापरतात. मेटा कंपनी आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाने मिळून २०२० मध्ये ओपन कॅटॅलिस्ट नावाचा डेटासेट खुला केला. त्यात पृष्ठभाग आणि त्यावर बसलेले रेणू यांची १२ लाखांहून जास्त उदाहरणं आहेत. पायथन येत असेल तर आज रात्री डाउनलोड करून बघा. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि मला या विषयाची गोडी लागली ती इथूनच. मात्र कोड येतो म्हणून रसायनशास्त्र टाळता येईल असं समजू नका, अकरावी-बारावीचं पुस्तक पुन्हा उघडावं लागेल.

कुठे करता येईल?

सुरुवात जवळून करू. पुण्यात सीएसआयआरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, उत्प्रेरकांच्या कामासाठी ओळखली जाते. शेजारीच आयसर पुणे आहे, तिथे प्रयोग आणि कॉम्प्युटेशन दोन्ही चालतात आणि परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटरही तिथेच आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात डॉ. सुलभा कुलकर्णी यांनी पृष्ठभाग आणि नॅनोपदार्थांवर दीर्घकाळ काम केलं. नॅनोटेक्नॉलॉजीवरचं त्यांचं पाठ्यपुस्तक एम.एस्सी.च्या मुलांना चांगलं उपयोगी पडतं.

मुंबईत आयआयटी आणि टीआयएफआर तर आहेतच. माटुंग्याच्या आयसीटीमध्ये पॉलिमर आणि सरफेस इंजिनिअरिंग असा स्वतंत्र विभाग आहे. रंग, लेप, शाई अशा उद्योगांशी त्याचं जुनं नातं आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग पातळ थरांच्या संशोधनासाठी देशभर ओळखला जातो, विशेषतः रासायनिक पद्धतीने बनवलेल्या थरांसाठी. म्हणजे चांगल्या कामासाठी मुंबई-पुण्याचंच तिकीट काढावं लागतं असं नाही.

महाराष्ट्राबाहेर बंगळुरूचं आयआयएससी आणि जेएनसीएएसआर ही मोठी नावं. इंदूरला आरआरकॅट संस्थेत इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आहे. त्यातून निघणाऱ्या प्रखर क्ष-किरणांवर प्रयोग करायला विद्यापीठातल्या संशोधकांनाही प्रस्ताव पाठवून वेळ मिळवता येतो.

तुमच्या कॉलेजात यंत्रं नाहीत म्हणून खचू नका. आयआयटी मुंबईतल्या सैफ या केंद्राकडे बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही शुल्क भरून नमुने तपासता येतात. आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर देशातली कुठली यंत्रं कुठे आहेत ते दिसतं आणि बुकिंग करता येतं. आयएनयूपी या कार्यक्रमात आयआयटी मुंबई, आयआयएससी यांसारख्या संस्थांच्या नॅनोफॅब्रिकेशन लॅबमध्ये बाहेरच्या संशोधकांना प्रत्यक्ष प्रशिक्षण मिळतं.

परीक्षा आणि पैसे

आता मुद्द्याचं बोलू.

बी.एस्सी. झालं असेल तर जॅम परीक्षेतून आयआयटीत एम.एस्सी.ला, किंवा जॅम आणि जेस्टसारख्या परीक्षांतून इंटिग्रेटेड पीएच.डी.ला जाता येतं. बी.ई. किंवा बी.टेक. असेल तर गेट. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. एम.टेक.ला गेटमधून गेलात तर दरमहा १२,४०० रुपये मिळतात. मोठ्या शहरात यात भागवणं कठीण आहे, हे स्पष्टच सांगतो.

पीएच.डी.साठी मुख्य रस्ता सीएसआयआर-नेट. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. जेआरएफ मिळाली की पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ म्हणून ४२,००० रुपये. हे दर जानेवारी २०२३ पासून लागू आहेत, घरभाडं भत्ता नियमाप्रमाणे वेगळा. आयआयटी आणि आयसरमध्ये गेटवरूनही पीएच.डी.ला प्रवेश मिळतो. टीआयएफआरची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. पंतप्रधान संशोधन फेलोशिपचे आकडे मोठे आहेत, दरमहा ७० ते ८० हजार, पण स्पर्धाही तशीच. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या योजनेत पाच वर्षांत दहा हजार फेलोशिप द्यायची घोषणा झाली आहे.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. याच नियमांत पीएच.डी.साठी कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं सांगितली आहेत. प्रयोग करणाऱ्यांनी पाच धरून चालावं.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या पीएच.डी. फेलोशिप आहेत. तुम्ही कोणत्या प्रवर्गात बसता ते बघून त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. फेलोशिप कुठलीही असो, पैसे दरमहा एक तारखेला खात्यात पडतीलच असं नसतं. कधी तीन-चार महिन्यांचे एकदम येतात. तेवढ्या दिवसांची शिल्लक गाठीशी ठेवूनच सुरुवात करा. घरी पैसे पाठवायची जबाबदारी असेल तर ही गोष्ट सगळ्यात आधी मोजा.

परदेशात जायचं असेल तर

अमेरिकेत पीएच.डी.ला बहुतेक विज्ञान विभाग फी माफ करतात आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल स्टायपेंड देतात. बी.टेक.नंतर थेट अर्ज करता येतो. अर्ज साधारण डिसेंबरमध्ये बंद होतात, म्हणजे तयारी जूनपासून. एम.एस.ला मात्र सहसा स्वतःचे पैसे लागतात. दोन्हींमधला हा फरक न बघता कर्ज काढू नका.

जर्मनीत पीएच.डी. म्हणजे बहुतेक वेळा करारावरची नोकरी असते, जागेची जाहिरात येते आणि पगार मिळतो. त्यासाठी सहसा मास्टर्स झालेलं लागतं. एर्टल यांचं फ्रिट्झ हाबर इन्स्टिट्यूट मॅक्स प्लांक सोसायटीचं आहे आणि या सोसायटीच्या संशोधन शाळांमध्ये परदेशी विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात, कामकाज इंग्रजीत चालतं. मास्टर्ससाठी युरोपातली इरॅस्मस मुंडुस शिष्यवृत्ती बघा, त्यात दरमहा १,४०० युरो मिळतात.

संस्थेपेक्षा लॅब निवडा

हा लेख घाईत वाचत असाल तर एवढा भाग तरी नीट वाचा. इंजिनिअरिंगला आपण कॉलेजच्या नावावर प्रवेश घेतो. पीएच.डी.त ती सवय महागात पडते. पुढची पाच वर्षं तुम्ही एका गाईडबरोबर, एका खोलीत, दोन-तीन यंत्रांसमोर काढणार असता. नामांकित संस्थेतल्या बंद पडलेल्या यंत्रापेक्षा लहान विद्यापीठातलं चालू यंत्र केव्हाही बरं. प्रवेश घ्यायच्या आधी एवढं विचारून घ्या:

१. माझ्या कामाला लागणारं मुख्य यंत्र लॅबमध्ये आहे की दुसरीकडे नमुने पाठवावे लागतात? नंबर लागायला किती दिवस जातात?

२. ते यंत्र मागच्या वर्षी किती महिने बंद होतं? दुरुस्तीचा करार आहे का?

३. गाईडकडे चालू असलेल्या प्रोजेक्टचा निधी किती वर्षं पुरेल?

४. मागच्या चार-पाच विद्यार्थ्यांना पीएच.डी.ला किती वर्षं लागली? कोणी मध्येच सोडली का? आणि बाहेर पडलेले आज कुठे आहेत?

५. सगळ्यात महत्त्वाचं, हे प्रश्न सरांना किंवा मॅडमना विचारा, पण लॅबमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दादा-ताईंनाही वेगळे विचारा. चहाच्या टपरीवर मिळणारं उत्तर वेबसाइटवर नसतं.

उत्तरं देताना कोणी चिडलं, तर तेही उत्तरच समजा.

पुढच्या नोकऱ्यांचा प्रश्नही रास्त आहे. रंग आणि कोटिंग, उत्प्रेरक, बॅटरी, सोलर या उद्योगांना ही माणसं लागतात. गुजरातमध्ये साणंदला मायक्रॉनचा आणि धोलेराला टाटांचा सेमीकंडक्टर प्रकल्प आहे, तिथेही पातळ थर आणि व्हॅक्यूम हाताळलेल्यांना काम आहे. पण सॉफ्टवेअरसारख्या हजारो जागा एकदम निघत नाहीत आणि पहिली नोकरी शोधायला वेळ लागू शकतो. केवळ पॅकेजसाठी यायचं असेल तर हा रस्ता लांबचा आहे.

अजून डिग्रीला आहात? मग याच आठवड्यात एवढं करा

विषय आवडतो का, हे कळायला लॅब लागत नाही. एक जुनी आणि एक नवी टेम्पर्ड ग्लास घ्या, फोनवरून काढलेली. सोबत साधी काच आणि बाजारातून आणलेलं अळूचं पान. प्रत्येकावर ड्रॉपरने पाण्याचा एकसारखा लहान थेंब ठेवा. फोनचा कॅमेरा थेंबाच्या पातळीला आणून, मागे पांढरा कागद धरून बाजूने फोटो काढा. मग इमेज-जे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये थेंब आणि पृष्ठभाग यांच्यातला कोन मोजा. स्वच्छ काचेवर थेंब पसरतो, कोन लहान येतो. चांगल्या कोटिंगवर तो शंभर अंशांच्या आसपास जातो आणि अळूच्या पानावर दीडशेच्या घरात. जुन्या ग्लासवर बोट फिरतं त्या मधल्या जागी आणि न वापरलेल्या कोपऱ्यात वेगवेगळा कोन मिळाला, तर कोटिंग किती झिजलं हे तुम्ही आकड्यात पकडलंत. प्रत्येक जागी निदान पाच थेंब मोजा आणि सरासरी काढा. हा डेटा, फोटो आणि एक पानाचा अहवाल तयार ठेवा.

त्यानंतर दोन-तीन प्राध्यापकांना ईमेल लिहा. ‘आदरणीय सर, मला आपल्या थोर मार्गदर्शनाखाली’ असली पत्रं शेकड्याने येतात. त्याऐवजी त्यांचा एक शोधनिबंध वाचून त्यातल्या एका आकृतीबद्दल एक खरा प्रश्न विचारा आणि खाली आपला अहवाल जोडा. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग पुढच्या नावाकडे वळा.

उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी भारतीय विज्ञान अकादमींची समर रिसर्च फेलोशिप आणि टीआयएफआरचा व्हीएसआरपी कार्यक्रम आहे. अर्ज बरेच महिने आधी मागवतात, त्यामुळे दिवाळीनंतर त्यांच्या वेबसाइटवर नजर ठेवा. दोन महिने एखाद्या लॅबमध्ये घालवले की पाच वर्षांचा निर्णय घेणं खूप सोपं जातं. चेंबर तापायची वाट बघताना तुम्हाला कंटाळा येतो की पुढचा प्रश्न सुचतो, ते तिथेच कळेल.